शंभर टक्के बोरखडी

माणूस कसा शिकतो, हे शास्त्रज्ञांनी जनावरांना विचारून ठरवलेलं आहे. अमरावतीला मास्तरकीची बी.टी. ही पदवी घेताना मी हे सगळं मन लावून पाठ केलं. एका साहेबानं मांजर पिंजऱ्यात कोंडलं. ते धडपडलं, चुकलं, पुन्हा चुकलं आणि शेवटी कडी काढून बाहेर पडलं. दुसऱ्यानं कुत्र्याला आधी घंटा ऐकवली आणि मग खायला घातलं; पुढे पुढे नुसत्या घंटेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. तिसऱ्यानं माकडाला दिसेल पण पोचणार नाही असं केळं टांगलं. माकड बराच वेळ डोकं खाजवत बसलं आणि एकाएकी उजेड पडल्यासारखं उठून पेटी ओढत आणून तिच्यावर चढलं. इथे 'मर्मदृष्टी' असा शब्द लिहिला की परीक्षक खूश होतो. या साहेबांची नावं मी सांगत नाही, कारण पेपरात तिन्ही नावं मी अशुद्ध लिहिली होती आणि तरीही पास झालो होतो. पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. या एवढ्या जनावरांपैकी एकालाही शिकून झाल्यावर पंचायत समितीला अहवाल द्यावा लागला नव्हता.

साल त्रेसष्ट. मी दारव्ह्याच्या शाळेत सहायक शिक्षक होतो. नाव नीळकंठ पांढरीपांडे. डोळा होता जिल्ह्याच्या अध्यापक विद्यालयातल्या जागेवर, जिथे पोरांना न शिकवता पोरांना शिकवणाऱ्यांना शिकवायचं असतं. त्या जागेसाठी माणसाच्या नावावर एखादा 'प्रयोग' असावा लागे. माझ्या नावावर तोवर एक सायकल होती.

तेवढ्यात साक्षरतेची मोहीम आली. तालुक्यातलं गाव न् गाव शंभर टक्के साक्षर करायचं, असं वरून ठरलं. पंचायत समितीच्या सभेत विस्तार अधिकारी एकेका मास्तराला एकेक गाव वाटत होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, प्रौढांच्या शिक्षणाकडे मानसशास्त्रीय दृष्टीनं पाहिलं पाहिजे."

सरकारी सभेत चांगलं वाक्य बोललेल्या माणसाला तिथल्या तिथे शिक्षा होते. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! मग बोरखडी तुम्हीच घ्या."

बोरखडी कोणालाच नको होतं. तिथे गेलेला पहिला मास्तर हिवताप घेऊन परतला होता आणि दुसरा सरपंचाशी भांडण घेऊन. हिवताप बरा झाला होता.

घरी येऊन मी बायकोला, सुचित्राला, मांजराचा सिद्धांत समजावून सांगितला. ती तुरीची डाळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "अहो, मांजराला कोंडलं म्हणून ते शिकलं. तुमचे विद्यार्थी मोकळे आहेत. ते आधीच बाहेर पडतील."

समोर राहणारे उत्तमसिंग जंगल खात्यातून रिटायर झालेले. गल्लीतल्या कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे वाघाचं एक उदाहरण असे. तेही आले. "मास्तरसाब, वाघीण पिल्लाले कसं शिकवते? एक पंजा मारते. पिल्लू समजून जाते. तुमी बी एक पंजा मारा."

"उत्तमसिंगजी, ती मोठी माणसं आहेत."

"मंग दोन मारा," असं म्हणून ते आमच्याच दारातला पेपर घेऊन गेले.

बोरखडीचे सरपंच मारोतराव हे गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी मारोतीच्या देवळाचा सभामंडप मोकळा करून दिला, सतरंजी दिली आणि दिवेलागणीला माणसंही बसवून दिली. मी पाठाचं टाचण काढलं. शास्त्राप्रमाणे आधी हेतुकथन करायचं असतं. मी घसा साफ करून म्हणालो, "आज आपण 'क' हे अक्षर शिकणार आहोत."

पहिल्या ओळीतला उकंडा म्हणाला, "शिका ना गुरजी. कोन अडवलं?"

हा उकंडा त्या गावातला सगळ्यांत हजर आणि सगळ्यांत हजरजबाबी विद्यार्थी. कापसाच्या गाड्या हाकायचा. मी मांजराच्या पद्धतीनं फळ्यावर 'क' काढला, पाट्या वाटल्या आणि सांगितलं, "आता करून बघा. चुकलं तरी चालेल. चुकतमाकतच माणूस शिकतो." माणसं फार उत्साहानं चुकली. कोणी विळा काढला, कोणी चुलीवरची कढई काढली. मी हसतमुखानं हिंडत राहिलो, कारण शिक्षकानं मध्ये पडायचं नाही असा नियम आहे. बऱ्याच वेळानं उकंडानं पाटी खाली ठेवली.

"गुरजी, तुमाले हे येते ना?"

"येतं."

"मंग सांगून काहून नाही टाकत? आमी चुकाचं अन् तुमी पाहाचं, हा कोनता धंदा?"

मी त्याला मांजराची हकिकत सांगितली. ती त्यानं नीट ऐकून घेतली. "पन मांजरीले बाहेर निंगाल्यावर काहीतरी खाले भेटलं असन. आमी निंगालो त आमाले काय भेटन?"

प्रश्न अशास्त्रीय नव्हता. बक्षिसानं शिकणं पक्कं होतं, हे मांजरवाल्या साहेबानंही लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवसापासून मी सायकलच्या पिशवीत फुटाणे न्यायला लागलो. एक अक्षर बरोबर आलं की एक मूठ. त्याच्या जोडीला कुत्र्याचा सिद्धांतही लावला: आधी देवळातली घंटा, मग अक्षर, मग फुटाणे. आठवड्याभरात दोन्ही सिद्धांत सिद्ध झाले. घंटा वाजली की सभामंडप भरायचा आणि सगळ्यांचे हात पुढे यायचे. अक्षर मात्र मधल्या मध्ये गळून गेलं होतं. एकदा मी फुटाणे विसरलो, तर एका म्हातारबुवांनी आदल्या दिवशी लिहिलेला 'ग' पाटीवरून पुसून टाकला. म्हणाले, "उधारीत नाही जमत, गुरजी."

अशात एका संध्याकाळी बोरखडीच्या शिवेवर एका तरुणानं माझी सायकल थांबवली. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन. हा धर्मपाल. बौद्धपुऱ्यात राहायचा, दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि चार इयत्ता शिकलेला होता.

"गुरजी, तुमच्या शंभर टक्क्यांत आमी हाओत का नाही?"

"आहात की. न असायला काय झालं?"

"मंग आमी देवळात येत नाही. अन् देवळाच्या घंटीवर त येतच नाही. आमी ते सोडलं." आवाज चढवला नव्हता, रस्ता सांगावा तसं सांगितलं. "वर्ग शाळेत घ्या. आमचे सारे येतीन. माही माय त कवाची बसून हाये वाट पाहत."

मी मारोतरावांना सांगितलं. त्यांनी हात जोडून हसत म्हटलं, "आपली काही ना नाही, गुरजी. सरकारची शाळा हाये." वर्ग शाळेच्या ओसरीत आला. देवळातून ओसरीत येताना फुटाणेवाले निम्मे गळाले. उरलेले बाप्ये आणि बायका ओसरीच्या वरच्या अंगाला बसले, बौद्धपुऱ्याची माणसं पायरीजवळ बसली आणि मधली सतरंजी रिकामी राहिली. रोज ती मी स्वतः अंथरायचो आणि रोज ती तशीच कोरी गुंडाळायचो.

आता घंटा नव्हती. मी पंचायत समितीकडे घंटेची मागणी पाठवली. 'प्रयोजन' या रकान्यात 'अभिसंधान' असं लिहिलं, कारण कुत्रेवाल्या सिद्धांताचं मराठी नाव तेच आहे. कागद परत आला. शेरा होता: 'अभिसंधान ही वस्तू या कार्यालयाच्या संग्रही नाही. नमुना सादर करावा.' मी खुलासा पाठवला. त्यावर 'सदर कुत्रा कोणाच्या मालकीचा?' अशी विचारणा आली. शेवटी उकंडानं कुठून तरी रुळाचा तुकडा आणून लिंबाला टांगला. तो कुठून आणला, हे मी विचारलं नाही. शकुंतला ही आमच्याकडची छोटी रेल्वे त्या आठवड्यात वेळेवर चालली एवढंच बघून घेतलं.

नव्या घंटेचं शास्त्र मी वर्गाला उलगडून सांगत होतो. कुत्रा, घंटा, भाकर. वरच्या अंगाला हशा पिकला. उकंडा म्हणाला, "कुत्र्याले भाकर त भेटते, आमाले फुटाने!" पायरीजवळ मात्र कोणी हसलं नाही. धर्मपाल उठून उभा राहिला.

"गुरजी, आमाले कुत्र्यावरून नका शिकवू. लय दिवस कुत्र्यावानीच ठेवलं व्हतं. मानसावरून काही असन त सांगा."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी बी.टी.च्या सगळ्या टिपणवह्या चाळल्या. माणसावरून काही नव्हतं.

धर्मपालची आई मथुराबाई पायरीच्या अगदी टोकाला बसायची. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कपाळ मोकळं, लुगडं फाटकं पण स्वच्छ. तिनं कधी फुटाण्यांना हात लावला नाही. एकदा मी आग्रह केला तर म्हणाली, "मी खाऊसाठी येते का, गुरजी?"

"मग कशासाठी येता?"

तिनं पाटी मांडीवर घेतली. "मले यष्टीचा बोर्ड वाचता आला पायजे. दुसरं काही नाही."

तिनं सांगितलं ते असं. तिची लेक पुसदकडे दिलेली. बाळंतपणात अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला. धर्मपाल तेव्हा कामावर होता, म्हणून ही एकटीच दारव्ह्याला गेली. स्टँडावर दोन मोटारी उभ्या होत्या. एका माणसाला विचारलं, त्यानं हिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान वळवली. दुसऱ्याला विचारायची हिंमत झाली नाही. ज्या मोटारीत बायका चढत होत्या तिच्यात ही चढली. मोटार कारंज्याला गेली. तिथून परत येऊन पुसदला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. "लेकीले नेलं व्हतं. अंगन सारवून झालं व्हतं," एवढंच म्हणून तिनं पदरानं पाटी पुसली.

मी टाचण मिटलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पुसद' लिहिलं.

तीन अक्षरं. तिनं ती गिरवली, पुसली, परत काढली. घरी जमिनीवर काड्यांनी मांडली. पुढे मी 'दिग्रस' दिलं. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच ती येऊन बसली होती. मला पाहताच ओरडली, "गुरजी! पुसदचा 'स' अन् दिग्रसचा 'स' एकच हाये! जागा बदलली तरी तो बदलत नाही!"

खरं सांगतो, मी हातातली सायकल सोडून दिली. ती पडली, घंटी फुटली आणि मला काही वाटलं नाही. पुस्तकातली मर्मदृष्टी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो. तिसऱ्या साहेबाच्या माकडालाही इतका आनंद झाला नसेल, कारण त्याला नुसतं केळं मिळालं होतं.

मग मी पद्धतच पालटली. ज्याला जे हवं ते. उकंडाला 'कापूस' आणि 'भाव' हवे होते, कोणाला नातवाचं नाव, कोणाला टुरिंग टॉकीजची पाटी. फुटाणे बंद झाले, सिद्धांत पिशवीत राहिले. मथुराबाई नेर, आर्णी, यवतमाळ करत करत जिल्हा ओलांडायला आली. वरच्या अंगाच्या दोघी बायका अक्षर अडलं की हळूच तिच्याकडे पाटी दाखवायच्या. हातात देत नसत, लांबून दाखवत. तरी दाखवायच्या. माझ्या नोकरीतले ते बरे दिवस. सुचित्रासुद्धा एकदा म्हणाली, "हल्ली तुम्ही घरी आल्यावर कुत्र्यामांजरांबद्दल बोलत नाही. बरं वाटतं."

चांगल्या दिवसांची बातमी खात्याला लगेच लागते. विस्तार अधिकारी आले. सव्वीस जानेवारीला बोरखडीत गौरव समारंभ ठरला होता. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. गाव कधी साक्षर होईल हे कोणी मला विचारलं नव्हतं. कधी झालंच पाहिजे, ते कळवायला ते आले होते. फळ्यावरची गावांची नावं त्यांनी वाचली.

"हे काय, पांढरीपांडे?"

"एस.टी.चे बोर्ड, साहेब. यातून शिकणं फार वेगानं..."

"बोर्ड अभ्यासक्रमात नाहीत. उद्या लोक म्हणतील, खात्यानं गाव सोडून जायला शिकवलं. हे घ्या." त्यांनी नेमलेल्या वाचनपुस्तकाचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "साहेबांपुढे यातला 'आमचे गाव' हा धडा वाचून दाखवायचा. आठ दिवसांनी मी रंगीत तालीम घेईन."

आठ दिवसांत धडा वाचायला शिकवणं अवघड होतं. पण पाठ करायला तेवढे दिवस लागत नाहीत, हे मारोतरावांच्या ध्यानात आधीच आलं होतं. त्यांनी संध्याकाळी देवळात तो भजनासारखा म्हणवून घ्यायला सुरुवात केली. तालमीच्या दिवशी ओसरी दुमदुमली. उकंडा एवढा जोरात होता, की त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर असताना तोंड चौथ्या ओळीवर पोचलं. अधिकारी मान डोलवत होते. "छान! आता तिकडच्या बाजूचं कोणी."

मी अभिमानानं मथुराबाईचं नाव घेतलं.

ती उभी राहिली. पुस्तक दोन्ही हातांनी धरलं, मग एक हात सोडवून बोट ठेवलं. आणि ती वाचू लागली. म्हणू नव्हे, वाचू लागली. "आ-म-चे गाव. आम-च्या गा-वात एक वि-हीर आहे. विहि-रीला गो-ड पाणी आहे. सा-रे जण या विहिरीचे पाणी भर-तात." इथे ती थांबली. बोट मागे नेऊन ओळ पुन्हा मनाशी वाचली.

"हं, पुढे," अधिकारी म्हणाले.

"सायेब, हे कोन्या गावाचं लिवलं हाये?"

"आपल्याच. 'आमचे गाव' असं वर छापलंय ना?"

"मंग खोटं लिवलं हाये," मथुराबाई म्हणाली. "आमाले इहिरीवर कोनी चढू देत नाही. आमी झिऱ्याचं पानी भरतो."

नाल्यातला झिरा मी येता-जाता रोज पाहायचो. उन्हाळ्यात तिथे वाटीवाटीनं पाणी भरावं लागे. लिंबावरचा रुळाचा तुकडा वाऱ्यानं किणकिणला. मारोतराव हसतच होते, पण हसू आता कोणीतरी चिकटवल्यासारखं दिसत होतं.

"मथुरे, पुस्तकातलं वाचाचं असते. आपल्या मनचं नाही सांगाचं."

"मनचं नाही. बोट ठेवूनच वाचलं."

अधिकाऱ्यांनी खिशाला पेन लावलं. "ठीक आहे. बसा. वाचनात अडखळतात."

"साहेब," मी म्हणालो, "त्या अडखळल्या नाहीत. थांबल्या. त्यांना अर्थ कळला."

"पांढरीपांडे, कळणं पुढच्या टप्प्यात आहे. या टप्प्यात फक्त वाचणं."

हे वाक्य मी मुद्दाम पाठ करून ठेवलं आहे. शिकण्याविषयी इतकं स्पष्ट विधान मला अमरावतीलाही ऐकायला मिळालं नव्हतं.

मारोतराव मला चहाला घेऊन गेले. "गुरजी, शंभर टक्क्यांचा हिसाब सोपा हाये. त्या दिवशी गावात जे हजर, ते साक्षर. जे गावात नाहीत ते मोजाचे कायले?" गावातले एक बहिरे म्हातारबुवा, अंथरुणाला खिळलेला एक गडी आणि दोन-चार हट्टी माणसं यांना बैलगाडीत घालून बाजाराला धाडायचं ठरलं होतं.

"आणि बौद्धपुरा?"

"त्यायले कोन काढते? आमी त सर्वांले आवतन देऊ." त्यांनी बशीत चहा ओतला. "फक्त मांडव शाळेत पुरत नाही. मांडव देवळापुढे टाकला हाये."

मी विस्तार अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी खिडकी लावून घेतली. "अध्यापक विद्यालयासाठी तुमच्या नावाची शिफारस माझ्याच टेबलावर आहे, पांढरीपांडे. मांडव कुठे टाकायचा, हा बांधकामाचा विषय आहे. तुम्ही मानसशास्त्र बघा."

घरी उत्तमसिंगांना सांगितलं. त्यांनी प्रथमच वाघाचं उदाहरण दिलं नाही. विडी विझवली आणि नुसतं "हूं" म्हणाले.

सव्वीस जानेवारीला बोरखडी पताकांनी नटलं. पहाटेच गाडी भरून निघाली होती. बहिऱ्या म्हातारबुवांना वाटलं आपल्याला जत्रेला नेतायत, म्हणून ते नवा फेटा बांधून गेले. मांडवात साहेब आले, हार झाले. गावानं 'आमचे गाव' एका सुरात म्हटला. 'सारे जण या विहिरीचे पाणी भरतात' या ओळीला तर टाळ्या पडल्या. बौद्धपुऱ्यातून कोणी आलं नव्हतं. आवतण रीतसर गेलं होतं.

मग माझं नाव पुकारलं गेलं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. लाउडस्पीकर समोर होता आणि त्या क्षणी मला शिफारस, टेबल, काहीच आठवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, या गावात सगळ्यांत चांगलं वाचणारी बाई इथे नाही. तिचं नाव मथुराबाई."

साहेब खरोखरच भले गृहस्थ असावेत. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "अरे! कुठे आहेत त्या?"

माझं तोंड उघडायच्या आत मारोतराव पुढे झुकले. "पुसदले गेली, सायेब. लेकीकडे."

"बघा!" साहेबांनी लाउडस्पीकर आपल्याकडे ओढला. "अक्षरओळख झाली आणि ही भगिनी एकटी प्रवासाला निघाली! आज ती आपल्या लेकीला जवळ घेऊन बसली असेल. याला म्हणतात शिक्षण!"

मांडव टाळ्यांनी कोसळायचा बाकी राहिला. मी समोर पाहिलं. उकंडानं मान खाली घातली होती. ज्या दोघी मथुराबाईला लांबून पाटी दाखवायच्या, त्यांनी पदर तोंडाला लावले होते. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी "साहेब, तिची मुलगी..." एवढं म्हणालो, पण लाउडस्पीकर माझ्यापासून दूर गेला होता आणि लेझीम सुरू झालं होतं. विस्तार अधिकाऱ्यांनी मला कोपराला धरून खाली उतरवलं. नारळ माझ्या हातात तसाच होता.

पुढचं सगळं वेळेवर झालं. पाट्या, कंदील आणि वाचनपुस्तकं जमा करून नेण्यात आली. वर्ग चालू ठेवण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा कारकुनानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "साक्षर गावात साक्षरता वर्ग? मग गौरव केला तो कशाचा, गुरुजी?" अध्यापक विद्यालयातली जागा शेजारच्या गावच्या मास्तराला मिळाली. त्यानं आपलं गाव तीन आठवड्यांत साक्षर केलं होतं. त्याच्या गाडीला दोन फेऱ्या कराव्या लागल्या, असं ऐकलं. मला बदलीचा हुकूम आला. मुकुटबन, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

सुचित्रानं हुकूम वाचला, माळ्यावरची ट्रंक काढली आणि भांडी जुन्या पेपरात गुंडाळायला बसली. एक तपेली गुंडाळून ठेवत म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. पण लाउडस्पीकर धरून ठेवायला हवा होता."

निघायच्या आदल्या दिवशी मी बौद्धपुऱ्यात गेलो. धर्मपाल दारात होता. त्यानं नमस्कार केला आणि आत जाऊन बाज टाकली. साहेब काय बोलले ते त्यांच्या कानावर आलं होतं हे उघड होतं, कारण तो विषय कोणी काढला नाही. मथुराबाई हात धुऊन बाहेर आली. मी बदलीचं सांगितलं.

"मुकुटबन," ती म्हणाली. तोंडातल्या तोंडात अक्षरं जुळवली. "येते लिवता." मग म्हणाली, "गुरजी, पयलं पुस्तक त सरकारनं नेलं. दुसरं बी असन ना?"

होतं. मी ते चाळलं होतं. पहिल्याच धड्यात आदर्श सरपंचाचं वर्णन होतं. 'तो सर्वांना समान वागवतो' असं खाली ठळक अक्षरात छापलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "पण मथुराबाई, तेही पहिल्यासारखंच आहे."

"असू द्या. पाठवून द्या," मथुराबाई म्हणाली. "खोटं असलं तरी चालते. आमच्याबद्दल काय काय लिवून राह्यले, ते आमाले समजन त."

मुकुटबनहून मी पुस्तक पाठवलं. टपालखर्चाचं बिल खात्याकडून परत आलं. शेरा होता: 'बोरखडी येथे वाचनपुस्तकाची आवश्यकता उरलेली नाही.'